ट्रॉली जोडण्याआधी कूलंटची गळती शोधा आणि बंद करा

मुंबईतल्या मुंबईत फिरणाऱ्या गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, थोडंथोडं कमी होत असेल, तर बहुतेक मालक अधूनमधून बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीत पाणी ओततात आणि विसरून जातात. शहरात ते खपून जातं. अंधेरीहून ठाण्याला जाताना इंजिनवर फारसा भार पडतच नाही. सिग्नलला तापमानाचा काटा जरा वर सरकला, तरी पंखा सुरू होऊन तो खाली आणतो. पण त्याच गाडीला जनरेटरची ट्रॉली, छोटी बोट किंवा सामानाचा ट्रेलर जोडून खोपोलीहून वर निघालात की सगळं गणित बदलतं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे, आणि त्यातली बरीचशी उंची बोरघाटाच्या थोड्याशा किलोमीटरांत चढावी लागते. नाशिकच्या बाजूला जाणाऱ्यांना कसारा घाटात तेच.

चढावर काय होतं ते नीट समजून घ्या. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश भाग उष्णतेच्या रूपाने कूलंटमध्ये उतरतो. मागे वजन असलं की इंधन जास्त जळतं, म्हणून उष्णताही वाढते. गाडी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत असल्यामुळे समोरून रेडिएटरला, म्हणजे कूलंट गार करणाऱ्या पुढच्या जाळीला, लागणारा वारा कमी झालेला असतो. कूलंट तापून फुगतं, दाब रेडिएटरच्या झाकणाच्या मर्यादेपर्यंत जातो, आणि शहरात ज्या भेगेतून थेंब पडत होते तिथून आता धार लागते. म्हणून गळकी गाडी ट्रॉलीला जोडायची नाही, यावर मी ठाम आहे. 'जाताना पाच लिटर पाणी बरोबर ठेवू' हा उपाय नव्हे.

हे काम निघायच्या किमान आठ-दहा दिवस आधी काढा. पार्ट लगेच मिळेलच असं नाही, आणि दुरुस्तीनंतर गाडी तीन-चार दिवस चालवून पाहायला हवी. गणपतीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर निघणार असाल तर आणखी आधी हलवा. त्या आठवड्यात चांगल्या गॅरेजमध्ये गाडी आत घ्यायलाही जागा नसते.

गळतंय ते नक्की काय?

मुंबईत एसी जवळजवळ वर्षभर चालू असतो आणि दमट हवेमुळे त्याचं पाणीही भरपूर पडतं. डॅशबोर्डच्या खाली, बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला पडणारं स्वच्छ, वास नसलेलं पाणी एसीचं असतं. ते सोडून द्या. कूलंटला रंग असतो, हिरवा, गुलाबी, लाल किंवा निळा. बोटांत चोळलं तर किंचित बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो. चाखून पाहायचं नाही. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

रात्री गाडी उभी करताना इंजिनखाली सपाट केलेलं खोक्याचं पुठ्ठं सरकवा. पावसाळ्यात सोसायटीचं पार्किंग ओलंच असतं, तेव्हा जमिनीवर शोधत बसण्यापेक्षा पुठ्ठ्यावरचा डाग जास्त खरं सांगतो. सकाळी डाग कुठे पडलाय ते पाहून पुठ्ठ्यावरच 'पुढे', 'ड्रायव्हर बाजू' असं लिहून ठेवा. शिवाय सकाळी इंजिन गार असताना बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारा. चार-पाच दिवस रोज सकाळी तीच रेघ पाहा. पातळी नेहमी गार इंजिनावरच मोजायची, कारण गरम झाल्यावर कूलंट वर चढतं आणि आकडा फसवतो.

पुढे वाचण्याआधी एक नियम. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं मिश्रण दाबाखाली १०० अंशांच्या पुढे गेलेलं असतं. झाकण ढिलं झालं की दाब उतरतो, त्याच क्षणी ते उकळतं आणि तोंडावर-हातावर उडतं. प्रेशर कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण ओढण्यासारखंच हे आहे. इंजिन बंद करून तासभर थांबा, रेडिएटरचा वरचा जाड पाइप हाताने दाबून पाहा, तो मऊ आणि कोमट लागला तरच जाड फडकं धरून झाकण हळू फिरवा.

जागा कशी शोधायची

बॉनेट उघडलं की ओली जागा शोधत बसू नका, सुकलेली शोधा. कूलंटमधलं पाणी उडून जातं आणि मागे पांढरट किंवा रंगीत खपली राहते. वरचा पाइप रेडिएटरच्या नळीवर जिथे चढतो तिथे टॉर्च मारा. क्लिपच्या कडेला टूथपेस्ट सुकल्यासारखा कडक थर आणि त्याखाली नळीवरून उतरलेली बारीक गुलाबी रेघ दिसली, तर पाइप तिथून झिरपतोय. इंजिन गरम असताना थेंब तिथेच सुकतो, जमिनीपर्यंत पोचतच नाही. म्हणून 'खाली तर काही पडत नाही' यावर विसंबू नका.

मग प्रत्येक पाइप हाताने दाबत जा. चांगला पाइप दाबला की परत उसळतो. टोकाशी फुगलेला, दाबल्यावर करकरणारा किंवा तेल लागून मेणासारखा मऊ पडलेला पाइप बाद. आणि मुंबईत एक गोष्ट आवर्जून बघायची ती म्हणजे उंदीर. रस्त्यावर किंवा नाल्याच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाडीत ते रात्री ऊब शोधत शिरतात आणि हीटरचे, थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाकडे) जाणारे बारीक पाइप कुरतडतात. हे पाइप मोठ्या पाइपांच्या मागे दडलेले असतात, तिथे मोबाइलचा कॅमेरा आत घालून फोटो काढा. दातांच्या खुणा फोटोत स्पष्ट दिसतात.

पुढे रेडिएटर. हल्ली बहुतेक गाड्यांत मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. त्यांचा सांधा पत्र्याच्या दातांनी दाबून बसवलेला असतो, तिथे सील कडक होतं. प्लास्टिकच्या टाकीला नळीच्या मुळाशी केसासारखी भेग जाते. वर्सोवा, वरळी, उरण अशा समुद्राजवळच्या भागांत राहणाऱ्यांनी जाळीचे पत्रेही बघावेत. खाऱ्या हवेने ते बोट लावताच भुगा होऊन पडत असतील, तर गळत नसलेला रेडिएटरही लोडवर इंजिन गार ठेवू शकणार नाही.

वॉटर पंपाला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडीला, पुलीच्या मागे खालच्या बाजूला एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट त्यातून बाहेर येतं. त्या भोकाखाली ओघळ दिसला किंवा बेल्ट काढल्यावर पुली हाताने हलवताना खडखड लागली, तर पंप बदलायचाच. ते भोक एम-सीलने बुजवून दिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. असं करू देऊ नका. कूलंटला बाहेरची वाट बंद झाली की ते बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप घाटात जाम होतो.

डोळ्यांनी काहीच सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर लावा. हा हातपंप रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसतो. चांगल्या गॅरेजमध्ये तो असतोच. इंजिन गार असताना झाकणावर छापलेल्या दाबाइतकाच दाब द्यायचा, त्याहून जास्त नाही. हा आकडा साधारण ०.९ ते १.१ बार असतो. मग पंधरा मिनिटं काटा पाहत थांबायचं. काटा जागचा हलला नाही तर बाहेरून गळती नाही. सरकत खाली आला तर बहुतेक वेळा कुठेतरी थेंब दिसेल. इंजिन बंद असल्यामुळे पंख्याचा वारा नाही, आवाज नाही, त्यामुळे बारीक सिसकारीही ऐकू येते. 'साहेब, एवढं कशाला, पाइप बदलून टाकतो' असं मिस्त्री म्हणाले तरी ही टेस्ट आपल्यासमोर करायला लावा.

काटा उतरतोय पण बाहेर थेंब नाही, याचा अर्थ कूलंट आत जातंय. डाव्या सीटच्या पायाखालचा गालिचा ओला लागतो, काचेवर तेलकट धुकं धरतं, केबिनमध्ये गोड वास येतो, अशी लक्षणं असतील तर हीटरचा कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागची त्याची छोटी जाळी, गळतोय. तेल भरायच्या झाकणाखाली दुधी चिखल, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, रेडिएटरच्या तोंडाशी सतत येणारे बुडबुडे ही हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेल्याची लक्षणं. याची खात्री करायला ब्लॉक टेस्ट असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रावणातून ओढतात. द्रावण पिवळं झालं तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येतोय. नव्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत फिरवलेला धूर गार करणारा भाग, आतून फुटला तरी कूलंट गुपचूप धुरातून निघून जातं. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं तेल गार करणारी नळी बऱ्याचदा रेडिएटरच्या टाकीतच असते. कूलंटमध्ये गुलाबी साय दिसली तर गाडी सुरूही करू नका. या चारही गोष्टी घरच्या घरी करायच्या नाहीत, आणि यातली एक जरी निघाली तरी प्रवासाची तारीख पुढे ढकला.

दुरुस्ती

पाइप बदलणं हे घरी होण्यासारखं काम आहे. रेडिएटरच्या तळाशी स्वच्छ घमेलं ठेवून ड्रेन प्लग सोडा. प्लग नसेल तर खालचा पाइप काढा. निघालेलं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा आणि गॅरेजला द्या. ते गटारात ओतू नका. पावसाचं पाणी वाहून नेणारी आपली गटारं नाल्यांतून थेट खाडीला आणि समुद्राला मिळतात. जमिनीवर सांडलेलंही लगेच पाण्याने धुवून फडक्यांनी टिपा. त्याच्या गोड चवीमुळे सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोडं पोटात गेलं तरी त्यांची किडनी निकामी होते.

जुना पाइप नळीवर चिकटलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलात तर प्लास्टिकची नळी फुटते आणि पाइपाच्या कामाचं रेडिएटरचं काम होतं. कटरने पाइप लांबीच्या दिशेने चिरा आणि सालासारखा सोलून काढा. नळीवरचा पांढरा थर स्कॉच ब्राइटने घासा, बोट फिरवून ती गुळगुळीत झाली याची खात्री करा. नवीन पाइप आत सरकवायला थोडं कूलंटच लावा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगतं. पाइप नळीवर तीनएक सेंटीमीटर चढला पाहिजे आणि क्लिप नळीच्या उठावाच्या मागे बसली पाहिजे. कंपनीने स्प्रिंगची क्लिप दिली असेल तर तीच ठेवा. गरम-गार होताना ती स्वतः दाब सांभाळते. स्क्रूची क्लिप वापरलीत तर प्लास्टिकच्या नळीवर जीव खाऊन आवळू नका.

एक पाइप गेला की त्याच वयाचे बाकीचे पाइपही फार मागे नसतात. वरचा, खालचा, बायपासचा, सगळे एकदम बदला. झाकणही नवीन घ्या. झाकणाची रबर कडक झाली तर दाब टिकत नाही आणि दाब नसेल तर कूलंट लवकर उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, एक बार दाबाखाली १२५ अंशांच्याही पुढे. घाटात तुमच्या हाताशी असलेली सवलत ती एवढीच. थर्मोस्टॅट वॉल्व, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, जुना असेल तर तोही आत्ताच बदला, पण काढून फेकू देऊ नका. 'वॉल्व काढला की गाडी गार राहते' हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. वॉल्वशिवाय इंजिन सपाट रस्त्यावर गरजेपेक्षा गार राहतं, आणि वॉल्व जागेवर असतानाच चालेल अशी बायपासची रचना असलेल्या इंजिनांत कूलंटचा काही भाग रेडिएटरला न जाताच परत फिरतो, म्हणजे चढावर उलट जास्त तापतं.

प्लास्टिकच्या टाकीला भेग असेल तर रेडिएटर नवाच घ्या. इपॉक्सीने लिंपलेली टाकी शहरात चालते, ट्रॉलीमागे चालत नाही. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला मात्र चांगला रेडिएटरवाला डाग (झाळ) देऊन, आतून रॉड फिरवून नव्यासारखं करतो. ती कला असलेली माणसं आता कमी उरली आहेत, ओळखीत असतील तर जपा. पार्टसाठी ऑपेरा हाऊसच्या बाजारात किंवा डीलरकडे जा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल मिळतो, तो दरवाजा, आरसा, बंपर यांसाठी ठीक. जुना वॉटर पंप, जुना रेडिएटर, जुने पाइप घेऊ नका. पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल तर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर सोबतच बदला, कारण मजुरी तीच आहे.

आता हळदीबद्दल. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की बारीक गळती बसते, हे ट्रक ड्रायव्हरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे आणि आडरानात अडकलात तर त्याने पुढच्या गावापर्यंत पोचता येतं. बाजारात मिळणारी लीक-सीलची बाटलीही तेच काम करते. पण हे कण भेगेत अडकतात तसे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरमध्येही अडकतात. ट्रॉली ओढायच्या गाडीला रेडिएटरची प्रत्येक नळी मोकळी हवी. निघण्याआधीची तयारी म्हणून यातलं काहीही टाकू नका. आधी कोणी टाकलं असेल तर पूर्ण फ्लश करून घ्या.

भरणं आणि हवा काढणं

कूलंट कोणतं घ्यायचं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, रंगावरून ठरवू नका. रंगाचं सर्वमान्य प्रमाण नाही आणि एकाच रंगाची दोन कूलंटं वेगवेगळ्या रसायनांची असू शकतात. दोन प्रकार मिसळले तर गाळ धरू शकतो. तयार मिश्रण घेतलं असेल तर त्यात पाणी घालू नका. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी, बॅटरीत घालतात ते. सोसायटीच्या बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी अजिबात नको, त्यातले क्षार नळ्यांत बसतात.

भरताना घाई केली की आत हवा अडकते, आणि हवा अडकलेलं इंजिन कूलंट पूर्ण असूनही तापतं. गाडीचं तोंड थोडं वर राहील अशी उभी करा, पार्किंगचा रॅम्प यासाठी उत्तम. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून, बुडबुड्यांशिवाय धार आल्यावर बंद करा. मग झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू करा आणि वरचा पाइप हलके दाबत राहा, गुडगुड आवाज करत हवा वर येते, तसतसं भरत जा. तोंडाशी कूलंट फुगून वर येऊ लागलं की झाकण लावा आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. हीटरमधून कडकडीत गरम हवा आली तर काम झालं. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी थोडी उतरलेली दिसेल, ती एकदा भरा आणि क्लिपा पुन्हा तपासा.

पंख्याकडेही याच वेळी बघा. इलेक्ट्रिक पंखा एसी लावताच फिरायला हवा. बेल्टवर चालणारा व्हिस्कस पंखा असेल तर इंजिन बंद करून, चावी काढून तो हाताने फिरवा. सैलपणे गरगर फिरत राहिला तर त्याचा क्लच गेला. रेडिएटरच्या जाळीतली धूळ आणि किडे इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या पाइपच्या पाण्याने धुवा. जेटच्या दाबाने पत्रे वाकतात.

लोडवर परीक्षा

आधी तीन-चार दिवस नेहमीसारखी चालवा आणि रोज सकाळी रेघ पाहा. रेघ हलली नाही तर रविवारी पहाटे ट्रॉली जोडा, प्रवासात असेल तेवढं वजन चढवा आणि घोडबंदर रोडने गायमुखच्या चढावर जाऊन या. पहाटेच, कारण नंतर तिथल्या ट्रॅफिकमध्ये उभे राहिलात तर चढाची परीक्षाच होत नाही. एसी बंद, खालचा गिअर, काटा कुठे स्थिरावतो ते लक्षात ठेवा. परत आल्यावर बॉनेट उघडून प्रत्येक सांधा टॉर्चने पाहा. ट्रॉलीचं वजन गाडीच्या पुस्तकातल्या ओढण्याच्या मर्यादेत आहे का, हेही तेव्हाच ताडून घ्या. मर्यादेबाहेरचं वजन नवं कोरं कूलंटही पेलणार नाही.

घाटात काटा चढला तर

गाडीत पाच लिटर तयार कूलंट, दोन जास्तीच्या क्लिपा, सिलिकॉनची स्वतःला चिकटणारी टेप, स्क्रू ड्रायव्हर, जाड हातमोजे, टॉर्च आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा. चढाला लागण्याआधी खालीच एसी बंद करा. तळकोकणात जाणाऱ्यांनी आणि साताऱ्याकडे खंबाटकी चढणाऱ्यांनीही हेच करावं.

काटा नेहमीच्या जागेवरून सरकू लागला की लाल रेघेची वाट पाहू नका. वेग कमी करा, हीटर पूर्ण गरमवर सोडा, खिडक्या उघडा. केबिन भाजेल, पण हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे. तरी काटा चढतोच आहे तर सुरक्षित जागी डावीकडे घ्या, दोन्ही गाड्यांच्या चाकांना दगड लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा. वाफ दिसत नसेल आणि पंखा फिरत असेल तर दोन मिनिटं न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. वाफ दिसली किंवा खाली कूलंट सांडलं असेल तर त्याच क्षणी बंद. मग तासभर काही करायचं नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड वाकतं किंवा तडकतं, आणि मग प्रश्न पाइपाचा राहत नाही.

गार झाल्यावर फुटलेली जागा पाइपावर असेल तर पुसून टेप ओढून घट्ट गुंडाळा, कूलंट भरा, आणि ट्रॉली तिथेच सोबत्याच्या देखरेखीखाली सोडून एकटी गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्या. टेपवर ट्रॉली ओढायची नाही. गाडी हलण्यासारखी नसेल तर टोइंगवाल्याला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर. आणि मागे ट्रॉली आहे, तिचं वजन किती आहे, हुक कोणता आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे दोन्ही नेता येतील अशी गाडी ते पाठवतील.